सात चेंडूंचे चौदा

माझ्या लग्नाच्या कॅसेटवर माझा अजून राग आहे. लग्नावर नाही; लग्न ठीकच झालं. राग त्या कॅसेटवर आणि ती हौसेनं बनवणाऱ्या माणसावर. तो वाईट असता तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण तो चांगला होता, मनापासून काम करणारा होता, आणि त्याच्या त्या चांगुलपणानं माझ्या भावाचं वाटोळं केलं.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, आईसुद्धा. मखमलाबाद रस्त्याला पाटाच्या अलीकडं आमचा मळा होता. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. फुलांना भाव नसेल तेव्हा मेथी-कोथिंबीर. वडील एम-एटी गाडीला दोन्हीकडं पाट्या बांधून फुलबाजारात जायचे. दादा दहावीनंतर मळ्यातच राहिला. त्याला शाळेत काही येत नव्हतं असं नाही, पण विचारलेलं सोडून बाकी सगळं यायचं.

चेंडूंचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते मीच. आमच्या वस्तीवर माझ्या बरोबरीची मुलगी नव्हती, म्हणून सागरगोटे खेळायला मी दादाला बसवायची. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. दादा थोड्याच दिवसांत दोन्ही हातांनी खेळायला लागला. माझ्या मते ती रडी होती. मग त्यानं खालचे उचलणंच सोडून दिलं आणि गोटे एकामागून एक नुसते हवेत फिरवायला लागला. मी भांडले, हा काही खेळ नाही, असं म्हणून उठून गेले. मामा मात्र येता-जाता त्याला चिडवायचे, "पोरगं पोरींत बसून सागरगोटे खेळतंय. उद्या फुगडीबी घालंल."

पुढं वस्तीवर केबल आली. एका दुपारी कुठल्याशा परदेशी चॅनलवर सर्कस लागली होती. चमकत्या कपड्यांतला एक माणूस सात चेंडू उडवत होता. दादा जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. आम्हाला तेव्हा कळलं, की दादा जे करतो ते जगात लोक खरोखर करतात, त्याला जगलिंग म्हणतात, आणि त्यासाठी तंबूभर माणसं टाळ्या वाजवतात. कार्यक्रम संपल्यावर दादा सायकल काढून केबलवाल्याकडं गेला आणि म्हणाला, तेवढा तुकडा परत लावा. केबलवाला म्हणाला, "ते काय माझ्या हातात हाय का? वरून जे येतं ते येतं."

त्या दिवसापासून सात हा आकडा आमच्या घरात राहायला आला.

आईनं जुन्या सतरंजीच्या लहान पिशव्या शिवून दिल्या. आत बाजरी भरली. उंदरांनी पहिल्याच आठवड्यात त्यातल्या दोन फस्त केल्या. मग वाळू भरली. ती शिवणीतून गळायची आणि दादाच्या डोळ्यांत जायची. शेवटी ज्वारी भरून वरून फुग्याचं रबर चढवलं तेव्हा कुठं काम भागलं. फुलांच्या तराजूत तो एकेक चेंडू तोलून बघायचा. वडील म्हणायचे, "शेवंती अशी तोलली असतीस तर बाजारात नाव निघालं असतं." यापलीकडं त्यांनी कधी अडवलं नाही. मळ्याचं काम तो चुकवत नव्हता, आणि न पिणारा, जुगार न खेळणारा मुलगा चेंडू उडवतो म्हणून त्याला काय बोलणार?

विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत तो उभा राहायचा. समोर बाज टाकायचा, म्हणजे पडलेला चेंडू वाकून उचलावा लागत नाही. मी शेवंतीच्या जुड्या बांधत बसायची आणि बघायची. तीन, चार, पाच हे त्याला पटापट आले. सहाला वर्ष गेलं. सहा चेंडूंत उजव्या हाताचे तीन उजवीकडंच आणि डाव्याचे तीन डावीकडंच फिरतात. दोन भाऊ वेगळे निघाल्यासारखा तो प्रकार असतो. सातात मात्र प्रत्येक चेंडू एका हातातून निघून दुसऱ्या हातात यायला लागतो, आणि मधल्या वाटेत एकमेकांना धक्का लागू द्यायचा नाही. त्यासाठी चेंडू घराच्या कौलांच्या वर न्यावे लागतात. हातांकडं बघायचं नाही, नजर वरच ठेवायची. सहा चेंडू तो मी पुरे म्हणेपर्यंत खेळायचा, ते मी हजार वेळा पाहिलंय. सातवा हातातून सुटला की दोन-चार फेऱ्यांत सगळा डोलारा बाजेवर यायचा. मग तो शांतपणे गोळा करायचा आणि परत सुरू. मला त्याच्या चिकाटीचं कौतुक वाटायचं नाही, भीती वाटायची. इतकं करून आलं नाही तर हा काय करेल, असं वाटायचं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा नाशिक रोडला सर्कस आली. दादा तीन वेळा जाऊन आला. तिसऱ्या वेळी खेळ संपल्यावर तंबूच्या मागं गेला. तिथला जगलर केरळकडचा, वयस्कर, तुटक हिंदी बोलणारा माणूस होता. त्यानं दादाचे सहा चेंडू बघितले आणि हात धरून त्याला मॅनेजरपुढं नेलं. सर्कशीतून दुबईला एक ग्रुप जायचा होता आणि त्यात जगलरची जागा रिकामी होती. मॅनेजर म्हणाला, "सात दिखाओ." दादानं सात घेतले आणि मॅनेजरच्या टेबलावरचा चहा सांडला.

"घर पे होता है," दादा म्हणाला. ते तेव्हा अर्धंच खरं होतं.

"सबका घर पे होता है," मॅनेजर म्हणाला. पण माणूस अगदीच दगड नव्हता. निवड करणारा एजंट मुंबईत बसायचा आणि कॅसेटी बघूनच माणसं घ्यायचा. त्यामुळं मॅनेजरनं सांगितलं, की घरी येतं ना, मग घरीच कॅसेट काढ. एकाच शॉटमध्ये पाहिजे. उन्हाळ्यापर्यंत सर्कस याच भागात फिरेल, जिथं असेल तिथं आणून दे.

घरी येऊन दादानं हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. त्याला दुबईचं विशेष नव्हतं. दुबई कुठल्या बाजूला आहे हेही त्यानं मलाच विचारलं. त्याला हवं होतं, की आपण जे करतो ते कुठंतरी राहावं. फूल सकाळी ताजं आणि संध्याकाळी उकिरड्यावर, असल्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला असं वाटत असेल. चेंडूही तसेच, हवेत असतात तोवर असतात. ते कुणीतरी पकडून ठेवायला पाहिजे होते.

कॅमेरा आणायचा कुठून? त्या काळात आमच्या ओळखीत कॅमेरा दोनच ठिकाणी असायचा, लग्नात आणि पुढाऱ्याच्या सभेत. माझं लग्न ठरलेलं होतं, कळवणकडचं स्थळ. पंचवटीतला शूटिंगवाला हळद आणि लग्न अशा दोन्ही दिवसांसाठी सांगितलेला होता. दादा त्याच्याकडं जाऊन आला. तो लगेच तयार झाला. "भाऊ, वेगळं काही मिळालं तर आम्हालाच हवं असतं. तेच ते भटजी घेऊन कंटाळलोय," म्हणाला. दादानं त्याला बजावलं, की कॅमेरा हलवू नका, मध्ये बंद करू नका, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मीच दिसलो पाहिजे.

हळदीच्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलं होतं. मांडव अंगणात होता, पण त्याचं कापड फार खाली होतं; तिथं सातच काय, पाचही मावले नसते. म्हणून दादा विहिरीजवळच्या त्याच्या जागेवर गेला, आणि अर्धा मांडव त्याच्यामागं गेला. मला हळद लागली होती. आमच्याकडं हळद लागल्यावर नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी आईला म्हटलं, पाच मिनिटं जाऊन येते. आई काही बोलायच्या आत आत्या उखडली, "पाच मिन्टं म्हनं! बाहेरचं वारं लागलं तर त्याला कोन जबाबदार?" मी पिवळ्या हातांनी आतल्या खोलीत पाटावर बसून राहिले. खिडकी गोठ्याच्या बाजूला होती, विहिरीच्या नाही.

म्हणून मी फक्त ऐकलं. आधी गलका, मग कुणीतरी दोनदा 'अरेरे' म्हणालं, मग हसू. मामांचा आवाज आला, "नाचता येईना अंगण वाकडं!" त्यानंतर सगळं शांत झालं. इतकं शांत, की चेंडू तळहातावर पडतानाचा आवाज मला आत ऐकू येत होता. थप थप थप थप. मी इतकी वर्षं त्या आवाजासमोर जुड्या बांधल्या होत्या. तो इतका वेळ सलग चाललेला कधी ऐकला नव्हता. आवाज थांबला आणि माणसं ओरडली. चुलतबहीण धावत आत आली आणि माझ्या गळ्यात पडली, "एक पन पडला नाय गं!" तिच्यामागून दादा आला. तो दारातच थांबला. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. "आलं," तो म्हणाला, "आणि त्यानं घेतलं पण. सगळं घेतलं." मी रडायला लागले. बायकांना वाटलं, सासरी जायच्या विचारानं रडतेय.

त्या संध्याकाळी मामा ज्याला त्याला सांगत होते, "धा-बारा तरी चेंडू व्हते." मोजले कुणीच नव्हते. सात चेंडू हवेत असताना ते मोजता येत नाहीत. ज्याला मोजायची सवय आहे त्यालाच येतात, आणि ती सवय असलेली दोनच माणसं होती, एक दादा आणि दुसरी मी.

लग्न झालं, मी कळवणला गेले. मग वाट बघणं सुरू झालं. शूटिंगवाल्याकडं मिक्सिंगला, म्हणजे कापून-जोडून कॅसेट तयार करायला, रांग होती. दादा आठवड्याला एक चक्कर मारायचा. तो म्हणायचा, मला लग्न नको, हळदही नको, तेवढा चेंडूंचा तुकडा जसा आहे तसा द्या. शूटिंगवाला हसायचा. "भाऊ, कच्चा माल आम्ही गिऱ्हाइकाला दाखवत नाही. नवरीला मेकअपच्या आधी बघतात का? थांबा जरा, अशी करून देतो की बघत राहाल."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले त्याच आठवड्यात कॅसेट मिळाली. भाड्यानं व्हीसीआर आणला, शेजारपाजारचे गोळा झाले. सुरुवातीला गणपती फिरत-फिरत आला, मग गुलाबाच्या पाकळ्यांतून माझा चेहरा. हळद आली. आत्या आली, आत्याच्या सुना आल्या. मग विहीर आणि दादा दिसला. त्यानं चार चेंडू एका हातात, तीन दुसऱ्या हातात घेतले, वर बघितलं. चेंडू सुटले, दोन-तीन फेऱ्या झाल्या, आणि पडद्यावर पंगतीत जिलेबी खाणारे माझे चुलतसासरे आले. मग परत दादा, पण संथ. चेंडू पाण्यात बुडाल्यासारखे हळूहळू वर जात होते. मग टाळ्या वाजवणाऱ्या बायका. मग दादा बदामाच्या आकारात. आणि मग पडद्याचे दोन भाग झाले, डावीकडं एक दादा, उजवीकडं त्याचा आरशातला दादा, आणि त्या दोघांचे मिळून चौदा चेंडू एकमेकांत मिसळून नाचायला लागले. मागं सनई. शेवटी सगळे चेंडू उलटे फिरून दादाच्या हातात परत गेले आणि त्यावर माझा नि नवऱ्याचा फोटो आला.

घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाले, "बगा, मी सांगत व्हतो ना, धा-बारा!" दादानं कॅसेट मागं घेऊन परत लावली. परत मागं घेतली. तिसऱ्यांदा लावल्यावर आईनं टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर पंचवटीत गेले. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. शूटिंगवाल्यानं आम्हाला बघून आनंदानं स्टूल पुढं केलं. "आवडलं ना, ताई? सगळी रात्र बसलो होतो त्या तुकड्यावर. भाऊंचे सात होते, आम्ही चौदा करून दिले. त्याचं जास्तीचं काही घेतलं नाही, आपली हौस."

"ते मधले जेवणारे कशाला घातले?" मी विचारलं.

"ताई, नुसते चेंडू उडताना लोक किती वेळ बघणार? आणि सासरचा एक चेहरा जरी राहिला तर तुम्हालाच ऐकून घ्यावं लागतं. मी इतकी लग्नं केलीत."

दादानं हळू आवाजात विचारलं, "मूळची कॅसेट हाय ना? कॅमेऱ्यातली?"

शूटिंगवाला खरोखर गोंधळला. मूळची कॅसेट कोण ठेवतं? मिक्सिंग झालं की तिच्यावरच पुढचं लग्न घ्यायचं, सगळे तसंच करतात. दादाचे सात चेंडू ज्या फितीवर होते तिच्यावर आता दिंडोरीचं एक लग्न होतं. मी मनात किती वाक्यं जुळवून आणली होती, पण त्या माणसाचा उतरलेला चेहरा बघून एकही तोंडातून निघेना. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, एवढंच. तो म्हणाला, "भाऊ, परत करा ना, मी फुकट घेतो." जसं काही दादानं पापड तळले होते आणि ते करपले होते.

तरी दादानं आशा सोडली नाही. त्याच उन्हाळ्यात सर्कस मालेगावला आल्याची पत्रकं कळवणच्या स्टँडवर लागली. दादा मला न्यायला आला, कारण कॅसेट आता माझ्या सासरची मालमत्ता होती. सासूबाईंनी ती साडीत गुंडाळून माझ्या हातात दिली. "जपीसन लई येजो," जपून परत आण, एवढंच म्हणाल्या. सटाण्यावरून एसटीनं आम्ही मालेगावला गेलो. दादा सगळ्या वाटेत मला समजावत होता, की पहिल्या दोन-तीन फेऱ्या तर सरळ आहेत, जाणकार माणसाला तेवढं पुरेल.

मॅनेजरच्या तंबूत टीव्ही होता. तो आधी गंभीरपणे बघायला लागला. जिलेबी आली तेव्हा त्यानं भुवया वर केल्या. बदाम आला तेव्हा त्याला हसू फुटलं, आणि चौदा चेंडू आल्यावर त्यानं बाहेरच्या दोघांना हाक मारून आत बोलावलं. "ये देखो, दुनिया का सबसे बड़ा जगलर!" मग डोळे पुसत दादाला म्हणाला, "बेटा, मिक्सिंग में तो मेरा हाथी भी उड़ेगा."

त्या वेळी मला त्याच्या टीव्हीवर दगड घालावासा वाटला. केरळचा म्हातारा जगलर मात्र हसला नाही. त्यानं कॅसेट मागं घ्यायला लावली आणि पहिल्या फेऱ्या वाकून पाहिल्या. "हाथ अच्छा है," तो म्हणाला. "इसको आता होगा." मॅनेजर म्हणाला, येत असेल तर आत्ता दाखव, चेंडू आणलेत ना?

दादानं दाखवलं, म्हणजे प्रयत्न केला. भर दुपार, वारा सुटलेला, चार तास एसटीत अवघडलेले हात. पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा त्यानं शर्टाला हात पुसले, बराच वेळ वर बघत उभा राहिला, आणि चेंडू वर गेले. मी मोजत होते. एक क्षण मला वाटलं, बसलं. मग दोन चेंडू मध्येच एकमेकांवर आदळले आणि सगळे धुळीत. मॅनेजर तोवर आत गेला होता. म्हाताऱ्यानं चेंडू गोळा करायला मदत केली. तो म्हणाला, सात रोज येत नाहीत, मलाही कधी नीट आले नाहीत. म्हणून तर लोक त्याची कॅसेट काढून ठेवतात. ते त्यानं धीर द्यायला सांगितलं असेल. दादाला ते कसं लागलं ते मला त्याच्या मानेकडं बघून कळलं. परतीच्या एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. कॅसेट माझ्या मांडीवर होती, साडीत गुंडाळलेली, सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे जपलेली.

नंतर त्यानं सराव केला, नाही असं नाही. पण सात परत आले नाहीत. एकदा आले होते हेच त्याच्या हातांना पेलवेना, असं मला वाटतं. पुढं वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि बाजार दादाच्या गळ्यात पडला. त्याचं लग्न जमवताना मामांनी मुलीकडच्यांना कॅसेट दाखवायची टूम काढली. दादा तेवढा एकदाच मामांवर ओरडला. वहिनी आल्या, चांगल्या आल्या; पण चेंडूंची गोष्ट त्यांना सासरची फुशारकी वाटायची. मी माहेरी गेले की त्यांना बजावून सांगायची, "वहिनी, सात. एकही न पडता." त्या मान डोलवायच्या, जशी सुना डोलवतात तशी.

मग एका पावसाळ्यात कडबाकुट्टीत गवत सारताना दादाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हातावर मोठं पांढरं बांधलेलं होतं. मी ढसाढसा रडले. दादा म्हणाला, "फुलं तोडायला तीन बोटं पुरतात गं." हे असं बोलून माणूस दुसऱ्याला रडायलाही मोकळं ठेवत नाही. चेंडूंबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही, आणि मीही नाही. घरी आल्यावर वहिनींनी ज्वारीच्या त्या पिशव्या मुलांना खेळायला दिल्या, हेच ते चेंडू हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एकलहऱ्याला यांची नोकरी लागली आणि आम्ही कॉलनीत राहायला आलो. काही वर्षांनी घरात कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. एका रविवारी दादा मेथी नि फुलं घेऊन आला होता. मुलीनं त्याला हात धरून ओढत नेलं. "मामा, गंमत बघ." जगातल्या सगळ्यात अवघड जगलिंगचे व्हिडिओ कुणीतरी एकत्र केले होते. माझ्याकडून ऐकून-ऐकून तिच्या डोक्यात मामा म्हणजे सात चेंडू हे पक्कं बसलेलं होतं, म्हणूनच तिनं ते शोधलं होतं.

दादा खुर्चीत बसला, उजवा हात सवयीनं मांडीखाली घेऊन. नेट संथ होतं. व्हिडिओ दोन क्षण चालायचा आणि थांबायचा. चेंडू हवेतच उभे राहायचे. मुलगी वैतागायची, दादा नाही. थांबलेल्या चित्रातले चेंडू तो मोजायचा. एकजण गॅरेजमध्ये उभा राहून नऊ खेळत होता. एक पोरगी पाठीमागून पाच. एकजण कपाळावर एक चेंडू तोलून खाली हातांनी बाकीचे खेळत होता. कुणी स्टेजवर नव्हतं, चमकते कपडे नव्हते. घरातली, अंगणातली माणसं. एकाच्या मागं दोरीवर कपडे वाळत होते. एक व्हिडिओ दादानं पुन्हा लावायला सांगितला. त्यात एक तरुण मुलगा सात चेंडू खेळत होता, अगदी साधे, आपल्या दादासारखेच. मी त्या मुलाकडं बघत होते. दादा मात्र कडांकडं बघत होता, भिंत हलते का, उजेड बदलतो का.

"कुठं कापलं नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "ह्याला एक माणूस मिळाला बघ. नुसता कॅमेरा धरून गप उभा राहनारा."

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. ती त्याच्या खांद्यावर रेलून म्हणाली, "मामा, तुला पण सात यायचे ना?"

दादानं पडद्यावरची नजर काढली नाही. "नाय रे पिल्ला. सहा."

"दादा!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काहीतरीच काय सांगतोस तिला? सात. माझ्या हळदीला."

"तू पाहिलं व्हतंस का?" तो म्हणाला. रागानं नाही; खरंच विचारल्यासारखं. मग मान वळवून त्यानं माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी ते सात त्याच्यासाठी धरून ठेवलेत असं मला वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत बघितल्यावर कळलं, की मी ते त्याच्या डोक्यावर ठेवलेत, आणि तो मला ते खाली ठेव म्हणत होता.

मुलगी आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघत होती. "आई, सांग ना. किती?"

"सहा," मी म्हणाले.

दादानं हळूच मान हलवली आणि तिला पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला.